थापा मारण्याचं वय

जुन्या हिंदी चित्रपटांत नायक मोठा होताना दिसतच नाही. एक लहान मुलगा पळत असतो, कॅमेरा त्याच्या पायांवर येतो आणि पुढच्याच क्षणी ते पाय एका तगड्या पुरुषाचे झालेले असतात. मधली सगळी वर्षं त्या एका सांध्यात गडप होतात. मिसरूड फुटणं, आवाज फाटणं, आरशासमोर घालवलेला वेळ, आईबापांची अचानक वाटू लागलेली लाज आणि मित्रांना सांगितलेल्या थापा यांतलं काहीच पडद्यावर येत नसे. राज कपूरच्या ‘बॉबी’नं १९७३ मध्ये या वयाला प्रेम करायची मुभा दिली खरी, पण त्या प्रेमाला लगेच सगळ्या जगाशी झुंज घ्यावी लागली. या वयाची फजिती मायेनं बघावी, तिच्यावर पोटभर हसावं आणि हसताहसता ती समजूनही घ्यावी, असा सिनेमा हिंदीत क्वचितच झाला. त्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा सिनेमा दिल्लीत घडतो, आणि तो एका मराठी बाईनं केलेला आहे.

सई परांजपे यांचा ‘चश्मे बद्दूर’ ८ मे १९८१ रोजी प्रदर्शित झाला. त्यातले तिघे मित्र वयानं विशी ओलांडलेले आहेत. मग त्यांना वयात येणाऱ्या मुलांच्या प्रकरणात जागा का द्यायची? माझं उत्तर असं, की आपल्याकडे मोठं होण्याचं घड्याळ वाढदिवसावर चालत नाही. अमेरिकी सिनेमात मुलगा शाळेत असतानाच गाडी चालवतो, पार्टीला जातो, प्रेमात पडतो, म्हणून तिथल्या या प्रकारच्या चित्रपटांचा मुक्काम शाळेतच असतो. आपल्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा बारावीपर्यंत क्लास आणि परीक्षा यांच्यातच अडकलेला असतो. त्याचं पौगंड खऱ्या अर्थानं सुरू होतं ते शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यावर, पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः करताना, महिन्याच्या वीस तारखेलाच पैसे संपल्यावर. सिद्धार्थ, जय आणि ओमी नेमके त्या टप्प्यावर आहेत.

हे तिघे राहतात दक्षिण दिल्लीतल्या एका बरसातीत. बरसाती म्हणजे घराच्या गच्चीवरची एखादी खोली, पुढे मोकळी गच्ची. मालक खाली राहणार, वरची खोली विद्यार्थ्याला, चित्रकाराला किंवा नव्यानं नोकरीला लागलेल्या एखाद्या पत्रकाराला स्वस्तात देणार. डिफेन्स कॉलनी ही वसाहत फाळणीनंतर पाकिस्तानातून उखडल्या गेलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी वसवली गेली, आणि तिथल्या, जंगपुऱ्यातल्या, निजामुद्दीनमधल्या बरसात्यांनी बाहेरगावच्या कितीतरी तरुणांना आसरा दिला. पुढे जुने बंगले पाडून मजल्यांच्या इमारती झाल्या, जमिनीचे भाव चढले आणि बरसात्या गेल्या. सिनेमात त्या टिकून आहेत. त्यातली दिल्लीही आता पुरावा म्हणून बघण्यासारखी आहे. रुंद, जवळजवळ रिकामे रस्ते, झाडं, एक मोटरसायकल. चित्रपट आला आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांच्यासाठी उड्डाणपूल आणि स्टेडियम उभी राहिली आणि त्या निवांत शहराचा चेहरा बदलला.

परांजपे यांना ही दिल्ली पाहुणी म्हणून ठाऊक नव्हती. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही नात आणि शकुंतला परांजपे यांची मुलगी. पुण्यात आकाशवाणीवर कार्यक्रम करत करत त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोहोचल्या, १९६३ मध्ये तिथून बाहेर पडल्या, आणि नंतर दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. मुलांसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ हे चित्रपट केले होते. ‘चश्मे बद्दूर’च्या आधीचा ‘स्पर्श’ही दिल्लीतल्याच एका अंधशाळेत चित्रित झाला होता आणि त्याच्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुणेरी घरातलं खेळकर, नेमकं बोलणं आणि दिल्लीच्या गल्ल्यांचा कान या दोन्ही गोष्टी त्यांच्या संवादांत एकत्र आल्या आहेत. तीन रिकामटेकड्या मुलांची खोली एका बाईनं इतकी अचूक कशी पकडली, असं कुणी कौतुकानं विचारतं तेव्हा मला वाटतं, अशा खोलीबद्दल खरं सांगायला बाहेरून बघणारी नजरच हवी. आतल्या मुलांना आपला पसारा दिसतच नाही.

तर चित्रपट सुरू होतो तो एका सिगारेटनं. ती एकच आहे आणि ओढणारे तिघं. सिद्धार्थ (फारूख शेख) अर्थशास्त्रातला अभ्यासू मुलगा, पुस्तकाला चिकटलेला. जय (रवी बासवानी) सिनेमानं भारलेला. ओमी (राकेश बेदी) बोलता बोलता शेर टाकणारा. भिंतींवर बायकांची छायाचित्रं चिकटवलेली आहेत, कारण प्रत्यक्षातली एकही मुलगी या तिघांशी बोलत नाही. मग शेजारात नेहा (दीप्ती नवल) दिसते. जय आणि ओमी एकेक करून तिच्या घरी जाऊन थडकतात आणि दोघांचीही फजिती होते. दोघं परत येतात आणि खोलीत बसून आपण तिला कसं जिंकलं याची रसभरीत हकिकत सांगतात.

इथं परांजपे यांनी जे केलं आहे, त्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. मुलांच्या थापा त्या आपल्याला पडद्यावर दाखवतात, आणि त्या थापा हिंदी सिनेमाच्या भाषेत दाखवतात. बाग येते, गाणं येतं, जुन्या गाण्यांचे तुकडे एकाला एक जोडून येतात, लाजणारी नायिका येते. या मुलांकडे स्वतःचा अनुभव नाही, म्हणून त्यांचं स्वप्नही उसनं आहे. मुलीशी ओळख कशी काढावी हे त्यांना चित्रपटगृहानं शिकवलं आहे आणि रस्त्यावर तो धडा लागू पडत नाही. अमिताभ बच्चन आणि रेखा या चित्रपटात क्षणभर पाहुणे म्हणून येतात तेही याच कारणानं. पडद्यावरचा नायक जे सहज करून जातो, तेच जयनं केलं तर काय होतं, हे त्यातून कळतं. प्रेक्षक हसतो तो मुलांना, नेहाला नाही. साधी वाटणारी ही निवड त्या काळात मुळीच साधी नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत ‘पॉर्कीज’ नावाचा चित्रपट तुफान चालला, आणि त्याचा सर्वांत गाजलेला विनोद म्हणजे शाळकरी मुलांनी भिंतीच्या भोकातून मुलींच्या न्हाणीघरात डोकावणं. तिथं कॅमेरा मुलांबरोबर भोकाला डोळा लावून उभा आहे. परांजपे यांचा कॅमेरा नेहाच्या घराच्या आत उभा आहे आणि दारात आलेल्या मुलाकडे बघतो आहे.

नेहा स्वतः दारं ठोठावत हिंडते. ‘चमको’ नावाची धुण्याची पावडर ती घरोघर जाऊन विकते, आणि अशीच एकदा बरसातीच्या दारात येते. सिद्धार्थ एकटा असतो. ती बादलीत पावडर कालवून मळका टॉवेल धुऊन दाखवते, तो गोंधळून बघत राहतो. हिंदी चित्रपटांतल्या प्रेमकथांच्या सुरुवाती मी बऱ्याच बघितल्या आहेत. नायिका आपल्या कामावर आहे, पढवलेलं पाठ बोलते आहे आणि नायकाच्या हातात काहीच नाही, अशी ही एकच मला आठवते. ती गाणं शिकते, स्वतःचे पैसे मिळवते, कुणाला भेटायचं ते स्वतः ठरवते. पटकथा तिच्या नोकरीचं कारण म्हणून घरावर कुठलंही संकट आणत नाही. आजारी वडील नाहीत, भावाची फी नाही. काम करावंसं वाटलं म्हणून करते, एवढं पुरेसं धरलं आहे.

सिद्धार्थ आणि नेहा भेटतात तालकटोरा बागेत, आइस्क्रीम खातात, वेटरशी बोलतात. मराठी वाचकाला तालकटोरा हे नाव वेगळ्या कारणानं ओळखीचं असेल. १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांनी दिल्लीवर झडप घातली तेव्हा त्यांचा तळ याच भागात पडला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. या दोन्हींच्या मधे एका मराठी दिग्दर्शिकेनं तिथं दोन भिडस्त माणसांना समोरासमोर बसवलं, ही नोंदही त्याच बागेच्या नावावर असायला हवी.

पुढे कथा गंभीर वळण घेते, आणि तिचं खरं वजन इथंच कळतं. सिद्धार्थची मैत्रीण म्हणजे तीच नेहा, हे मित्रांना समजतं. त्यांच्या थापा आता उघड्या पडणार. त्या वाचवण्यासाठी ते सिद्धार्थला सांगतात की ही मुलगी तशीच आहे, आमच्याबरोबरही फिरली आहे. खोलीत हशा पिकवणारी फुशारकी एका मुलीची बदनामी होऊन बाहेर पडते. सिद्धार्थ विश्वास ठेवतो. तो चांगला, सुशिक्षित, हळवा मुलगा आहे, तरीही मुलीला काही न विचारता मित्रांचं खरं मानतो, ही गोष्ट पटकथेनं मुळीच लपवलेली नाही. नेहाला तर आपला गुन्हा काय हेही कळत नाही. वयात येण्याचा क्षण या चित्रपटात पहिल्या प्रेमाचा नाही. आपल्या तोंडून सहज निघालेल्या शब्दानं दुसऱ्याचं आयुष्य मोडू शकतं, हे जय आणि ओमीला उमगतं, तो आहे.

शेवट मात्र मला दरवेळी खटकतो. दुरावलेल्या दोघांना जवळ आणायला मित्र नेहाच्या खोट्या अपहरणाचा बेत आखतात, तिची आजी (लीला मिश्रा) त्यात सामील होते, आणि खरेच गुंड येऊन तिला उचलून नेतात. मारामारी विनोदी आहे, हिंदी चित्रपटांची टवाळी म्हणून ती चालूनही जाते. पण पावडर विकत एकटी हिंडणारी ही मुलगी शेवटच्या भागात सोडवून आणायची वस्तू होते. ज्या सिनेमाची थट्टा चालली होती त्याचाच साचा अखेरीला वापरावा लागला. सिद्धार्थनं नेहासमोर बसून माफी मागण्याचं एक लांब, अवघडलेलं दृश्य हवं होतं, ते या धावपळीत हरवलं असं मला वाटतं.

लल्लन मियांबद्दल लिहिलं नाही तर हे लिखाण अपुरं राहील. कोपऱ्यावर पान-सिगारेटचं दुकान, या तिघांची फुगलेली उधारी आणि ती वसूल करण्याचे त्यांचे नाना प्रयत्न. सईद जाफरी यांनी हा माणूस असा उभा केला आहे की तो पडद्यावर आला की बरं वाटतं. त्याचं मुसलमान असणं ही त्याच्या बोलण्याची लय आहे, त्यापलीकडे पटकथा त्यावर कुठलंही ओझं टाकत नाही. त्यानं राष्ट्रप्रेम सिद्ध करायचं नाही, कुणासाठी मरायचं नाही. मोहल्ल्यात दुकान चालवायचं, उधारी मागायची आणि या पोरांची काळजी करायची. चित्रपटातलं प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे शिकवायचं झालं तर मी विद्यार्थ्यांना आधी लल्लन मियांचं दुकान दाखवीन.

हाच सिनेमा मराठी शहरात घडला असता का? मला शंका आहे. आपल्याकडच्या याच जातीच्या चित्रपटांत सर्वांत मोठी अडचण जागेची असते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या ‘शाळा’मध्ये नववीतली मुलं आपल्या गप्पांसाठी अर्धवट बांधलेली इमारत गाठतात. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’मध्ये चाळीतल्या मुलांना नको तो व्हिडिओ बघायला रिकामं घर शोधावं लागतं. चाळीत प्रत्येक भिंतीला काका-काकूंचे कान असतात. म्हणून मराठीत या वयाची गंमत चोरून बघण्यात आणि पकडलं जाण्यात आहे. दिल्लीच्या बरसातीत ऐकायला कुणीच नसतं. थाप तिथं अडवली जात नाही, वाढत जाते. पकडणारं कुणी नसल्यामुळे मुलांना स्वतःलाच स्वतःला पकडावं लागतं.

पुढची तीस वर्षं झपाट्यानं ओलांडतो. २०१० मध्ये हबीब फैसल यांच्या ‘दो दूनी चार’नं दिल्लीतल्या गणित शिक्षकाच्या घरातली किशोरवयीन मुलं दाखवली. बापाच्या स्कूटरची त्यांना लाज वाटते, मुलगा क्रिकेटवर सट्टा लावतो, आणि मेरठच्या लग्नाला जायला शेजाऱ्याची गाडी मागून आणावी लागते. मग आलं २०१३. त्या वर्षी ५ एप्रिलला मूळ ‘चश्मे बद्दूर’ची नवी, स्वच्छ केलेली प्रत चित्रपटगृहांत आली आणि त्याच दिवशी डेव्हिड धवन यांनी केलेलं त्याचं नवं रूपही आलं. नव्या चित्रपटानं कथा दिल्लीतून उचलून गोव्यात नेली. गोव्याचं नुसतं सुट्टीचं ठिकाण झालं, आणि बरसाती, उधारी, परीक्षा हे सगळं मागे राहिलं. ते मागे राहिलं की थापांची गरजही राहत नाही, उरतात नुसते विनोद.

त्याच वर्षी जूनमध्ये आलेला मृगदीप सिंह लांबा यांचा ‘फुकरे’ परांजपे यांच्या खऱ्या वारशाच्या अधिक जवळ आहे. हनी आणि चूचा शाळेतल्या शेवटच्या बाकावरचे. बारावी त्यांना सुटत नाही आणि कॉलेजात तर जायचं आहे. कॉलेजच्या फाटकाशी पंकज त्रिपाठी यांनी साकारलेला पंडितजी नावाचा रखवालदार उभा आहे, आणि पैसे घेऊन आत जाण्याची वाट तो दाखवतो. हे फाटक दिल्लीच्या मुलांना किती उंच वाटत असेल ते त्या वेळच्या आकड्यांवरून कळतं. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सनं बारावीला वाणिज्य शाखा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची मर्यादा १०० टक्के जाहीर केली होती. २०२२ पासून प्रवेशासाठी देशभराची सामाईक परीक्षा आली, फाटक तिथंच आहे. १९८१ चे तिघे विद्यापीठाच्या आत होते आणि मुलीच्या दारात अडले. २०१३ ची मुलं विद्यापीठाच्याच बाहेर अडली. चूचाला पडणाऱ्या स्वप्नांतून हनी लॉटरीचे आकडे काढतो, आणि ज्यांच्या हाती गुण नाहीत, पैसा नाही, ओळख नाही, त्यांच्याजवळ मोठं होण्यासाठी नशिबाखेरीज काय उरतं, हा प्रश्न त्या खुळ्या खेळात स्पष्ट ऐकू येतो.

‘फुकरे’नं एक मोठी जागा मात्र गमावली. मुलांच्या प्रेयसी कथेच्या कडेला उभ्या आहेत, त्यांना बोलणंही फारसं नाही. सगळी ताकद ऋचा चढ्ढा यांच्या भोली पंजाबनकडे गेली आहे. टोळी चालवणारी, हुकूम सोडणारी ही बाई तिघा-चौघा पुरुषांना पुरून उरते आणि ऋचा चढ्ढा ती झोकात करतात. तरी ती मोठी झालेलीच आहे. वयात येण्याचा, चुकण्याचा, फजित होऊन शिकण्याचा हक्क या चित्रपटातही मुलांनाच मिळतो.

मुलींना तो का मिळत नाही, याचं उत्तर मला २०१६ च्या ‘पिंक’मध्ये सापडलं. दिल्लीतच, एका घरात भाड्यानं राहणाऱ्या तीन मैत्रिणी. नोकऱ्या करतात, रात्री उशिरा घरी येतात, हसतात. मांडणी बघा, ‘चश्मे बद्दूर’चीच आहे, फक्त मुलांच्या जागी मुली आहेत. आणि एवढ्या एका बदलानं विनोदी चित्रपटाचा खटला होतो. या स्वतंत्र का राहतात, उशिरा का येतात, पुरुषांबरोबर का हसतात, हे भर न्यायालयात विचारलं जातं. जय-ओमीनं बरसातीत उच्चारलेलं वाक्य, मुलगी तशीच आहे, इथं वकील उच्चारतो. गोव्यातल्या नव्या ‘चश्मे बद्दूर’मधली नायिका तापसी पन्नू होती आणि ‘पिंक’मध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते तीही तापसी पन्नूच, मूळची दिल्लीचीच.

‘पिंक’च्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, दिल्ली विद्यापीठातल्या मुली वसतिगृहांच्या संध्याकाळच्या वेळमर्यादेविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्या चळवळीचं नाव ‘पिंजरा तोड’. आम्हालाही मुलांएवढाच वेळ बाहेर राहू द्या, वाचनालयात बसू द्या, रस्त्यावर हिंडू द्या, एवढीच मागणी होती. थापा मारायला, उधारी करायला, चुकीच्या दारावर थाप मारून हसं करून घ्यायला आधी बाहेर असावं लागतं. दिल्लीच्या मुलींचा ‘चश्मे बद्दूर’ अजून कुणी केलेला नाही. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतून बाहेर पडलेली एखादी मुलगी तो करील, आणि त्यात नेहाला पावडरची पिशवी घेऊन पुन्हा दारोदार हिंडवील, तर पहिल्या दिवशी पहिल्या रांगेतलं तिकीट काढायला मी तयार आहे.